मुठीवरची रांग्दा



केरिस हा जावा आणि बाली बेटांवरचा खंजीर. त्याचे पाते मुळाशी एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असते. काही पाती सरळ असतात, काही नागमोडी. नागमोडी पात्याच्या प्रत्येक वळणाला ‘लूक’ म्हणतात आणि ही वळणे मोजली तर विषमच भरतात. लोखंड आणि निकेलयुक्त धातू यांचे थर ठोकायचे, दुमडायचे, पुन्हा ठोकायचे, अशा रीतीने लोहार पाते घडवतो. त्यावर लिंबाचा रस आणि सोमल चोळला की लोखंड काळे पडते आणि निकेलच्या रेषा रुपेरी उमटतात. ही नक्षी म्हणजे ‘पामोर’. केरिसवर बोलणारे बहुतेक जण या पात्यापाशीच थांबतात. ते साहजिकही आहे. जावात लोहाराला ‘एंपू’ ही मानाची पदवी आहे आणि पात्यात शक्ती वसते असे तिथे मानतात.

पण केरिस हातात धरला जातो तो मुठीने. आणि मुठीवर कोण बसलेले असते? देव, राक्षस, वानर, कधी किड्याची अळीसुद्धा. आणि त्यांच्यात काही स्त्रिया. हे व्याख्यान त्या स्त्रियांविषयी आहे.

आधी मुठीची रचना समजून घ्यावी लागते. पात्याच्या मुळातून लोखंडाची एक बारीक दांडी निघते, तिला ‘पेसी’ म्हणतात. ही पेसी मुठीच्या छिद्रात चिंधी किंवा धागा गुंडाळून घट्ट बसवतात. खिळा नसतो. त्यामुळे मूठ काढता येते, फिरवता येते, बदलता येते. पणजोबांचे पाते घराण्यात चालत येते. मूठ मात्र नातू आपल्या ऐपतीप्रमाणे नवी करून घेऊ शकतो. एका केरिसचे पाते आणि मूठ वेगवेगळ्या शतकांतली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. अभ्यासकाला याचा त्रास होतो, कारण पात्यावरून मुठीचे वय ठरवता येत नाही. पण याच व्यवस्थेमुळे मूठ ही धारकाची स्वतःची निवड ठरते. पाते वारशाने मिळते, मूठ निवडली जाते. मग कोणी स्त्रीची मूठ का निवडावी?

मुठीवर आकृती कोरण्याची चाल जुनी आहे. १५व्या शतकाच्या आरंभी चिनी आरमाराबरोबर जावाला गेलेल्या मा हुआन याने तिथल्या पुरुषांच्या कमरेच्या खंजिरांचे वर्णन लिहून ठेवले आहे. मुठी सोन्याच्या, गेंड्याच्या शिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या. त्यांवर माणसांचे आकार नाहीतर भुतांचे चेहरे. आणि कारागिरी अत्यंत नाजूक, असे तो नोंदवतो. म्हणजे जावातल्या मजपहित साम्राज्याच्या उतरत्या काळात ही कला ऐन बहरात होती. त्याहून साधा प्रकार ‘केरिस साजेन’ या छोट्या खंजिरात दिसतो. साजेन म्हणजे नैवेद्य. त्यात पाते आणि मूठ एकाच लोखंडातून घडवलेली असते आणि मुठीची जागा एक उकिडवी, किंचित वाकलेली मानवाकृती घेते. ती पुरुषाची की स्त्रीची, हे पुष्कळदा सांगता येत नाही.

हा प्रश्न इथेच नीट मांडलेला बरा, कारण पुढे तो वारंवार येतो. मुठींवर नाव कोरलेले नसते. मूर्तिशास्त्राच्या आधारे देव ओळखायचा तर हातातली आयुधे, वाहन, मुद्रा पाहावी लागते. पण वीतभरही नसलेल्या मुठीत आयुधे मावणार किती? तळहातात टोचेल असे काहीही कारागीर ठेवत नाही. हात अंगालगत घेतले जातात, पाय दुमडले जातात, वाहन गळून पडते. उरतात केस, डोळे, दात, जीभ, स्तन आणि एखादे वस्त्र. एवढ्याच खुणांवरून कोणी एखाद्या मुठीला दुर्गा म्हणतो, दुसरा तिलाच बालीची चेटकीण रांग्दा म्हणतो आणि तिसरा नुसते ‘राक्षसी’ म्हणून सोडून देतो. हे तिघेही एका अर्थाने बरोबर असू शकतात. का, ते दुर्गेच्या जावातल्या प्रवासात सापडते.

प्रंबानन येथील शिवमंदिर ९व्या शतकातले. त्याच्या उत्तरेकडच्या गाभाऱ्यात आठ हातांची महिषासुरमर्दिनी उभी आहे. तुळजापूरच्या भवानीचे रूपही महिषासुरमर्दिनीचेच, त्यामुळे मराठी भाविकाला ती परकी वाटणार नाही. चेहरा शांत आहे. महिष पायाखाली पडलेला आहे, असुर बाहेर आलेला आहे, त्याचे केस तिच्या हातात आहेत. आणि तिच्या मुद्रेवर क्रोधाची रेघ नाही. लोकांनी पुढे या मूर्तीची वेगळीच कथा केली: ही रोरो जोंग्रांग नावाची राजकन्या, नकोशा वराला फसवल्याबद्दल शापाने दगड झालेली. आजही संपूर्ण मंदिरसमूहाला लोक याच नावाने ओळखतात.

पूर्व जावात राजसत्ता सरकल्यावर देवीचे रूप बदलत गेले. डोळे वटारले, सुळे आले, स्तन लोंबू लागले, केस मोकळे सुटले. या बदलाचे सगळ्यांत स्पष्ट रूप ‘सुदमल’ या कथेत आहे. उमा शिवाच्या शापाने भयंकर रूपाची दुर्गा होते. तिचे नाव रानिनी, तिचे ठाणे ‘सेत्र गंडमयू’ हे स्मशान. सेत्र म्हणजे आपलेच ‘क्षेत्र’. जावात आणि बालीत या शब्दाला स्मशानाचा अर्थ चिकटला. शापातून तिची सुटका करायची कोणी? पांडवांतल्या धाकट्या सहदेवाने. त्याला तिच्यासमोर आणून झाडाला बांधले जाते, तो घाबरतो, नकार देतो, शेवटी शिव त्याच्या शरीरात उतरतो आणि देवीची शुद्धी होते. ती पुन्हा उमा होते. सहदेवाला ‘सुदमल’ हे नाव मिळते, म्हणजे ज्याच्या योगाने मळ धुतला गेला तो.

महाभारताच्या संस्कृत पोथ्यांत ही कथा शोधून सापडणार नाही. ती जावाची आहे. आणि ती कुठे कोरली आहे ते पाहण्यासारखे आहे. लावू पर्वताच्या पश्चिम उतारावर सुकुह नावाचे १५व्या शतकातले देवस्थान आहे. तिथे सुदमलचे शिल्पपट आहेत: झाडाला बांधलेला सहदेव आणि समोर ती विक्राळ देवी. त्याच आवारात दुसरा एक प्रसिद्ध शिल्पपट आहे. त्यात एक लोहारशाळा कोरली आहे. डावीकडे भीम उघड्या हाताने पाते धरून घडवतो आहे, उजवीकडे अर्जुन भाता चालवतो आहे, आणि मध्ये गणपती एका पायावर नाचतो आहे. आजूबाजूला तयार खंजीर आणि हत्यारे मांडलेली आहेत.

एका आवारात शापित देवीची सुटका आणि त्याच आवारात केरिसचा जन्म. शिल्पकारांनी या दोन गोष्टी जोडून सांगितल्या आहेत का, याचा लेखी पुरावा नाही. पण दोन्ही शिल्पांचा विषय एकच दिसतो: विकृत, मळलेले, धोकादायक ते शुद्ध आणि उपयोगी कसे होते. लोखंड आगीतून जाते आणि खंजीर होतो. दुर्गा शापातून सुटते आणि उमा होते. मुठीवरच्या उग्र स्त्रीकडे या नजरेने पाहिले तर ती तिथे घाबरवण्यासाठीच बसवली आहे, असे म्हणता येत नाही. ती दोन्ही रूपांच्या उंबरठ्यावर बसलेली आहे.

आता बाली. जावात इस्लामच्या प्रसारानंतर हिंदू देवतांची उघड शिल्पे मागे पडली. बाली हिंदू राहिला आणि मूर्तिमंत मुठींची परंपरा तिथे अखंड चालली. बालीत मुठीला ‘दंगानान’ म्हणतात आणि आकृती असलेल्या मुठींना ‘तोगोगान’. राजघराण्यांच्या मुठी सोन्याच्या पत्र्यावर उठाव काढून, माणके आणि इतर खडे जडवून केलेल्या असत; साध्या घरच्या मुठी लाकडाच्या, शिंगाच्या, हाडाच्या. लाकडांत ‘कमुनिंग’ला मान आहे. पिवळसर, घट्ट, बारीक पोताचे हे लाकूड म्हणजे मराठी बागांतल्या कुंतीचे. केरिस पाठीवर खोचतात, त्यामुळे मूठ उजव्या खांद्यामागून वर डोकावते. समोरून येणाऱ्याला आधी माणूस दिसतो आणि त्याच्या खांद्यामागे दुसरा एक चेहरा.

तो चेहरा पुष्कळदा वायुदेवाचा, हनुमानाचा किंवा भीमाचा असतो. आणि कधी रांग्दाचा. लांब सोडलेले केस, बाहेर आलेले डोळे, वर वळलेले सुळे, लोंबणारी जीभ, ओघळलेले स्तन, वाढलेली नखे. बालीच्या नाट्यात हे रूप ज्याने पाहिले आहे त्याला मुठीवर ते लहान आकारातही ओळखता येते.

रांग्दा म्हणजे काय? रांग्दा म्हणजे विधवा. संस्कृतातला ‘रंडा’ हा शब्द समुद्रापलीकडे गेला, जुन्या जावानीत विधवा या अर्थाने रुळला आणि बालीत त्याचे ‘रांग्दा’ झाले. मराठीत याच शब्दाचे काय झाले ते कोणाला सांगायला नको. इथे तो शिवी झाला. ‘रंडकी’ म्हणून बाईला शुभकार्यातून उठवले गेले. तिथे तो एका महाभयंकर शक्तीचे नाव झाला. शब्द एकच, त्यामागची भीतीही एकच: नवरा नसलेली, कोणाच्या ताब्यात नसलेली बाई. फरक एवढाच की बालीने त्या भीतीला मुखवटा दिला, देवळात जागा दिली आणि खंजिराच्या मुठीवर बसवले.

या विधवेची कथा म्हणजे ‘चालोन आरांग’. काळ ११व्या शतकातला, राजा जावाचा ऐरलंग. गिराह गावी एक विधवा राहते. तिला रत्नमंगली नावाची देखणी मुलगी आहे, पण आईच्या धास्तीने तिला कोणी मागणी घालत नाही. अपमानाने पेटलेली आई स्मशानात भगवतीची, म्हणजे दुर्गेची, आराधना करते, वर मिळवते आणि आपल्या शिष्यांसह देशावर रोगराई सोडते. तिच्या शिष्यांपैकी एकीचे नाव महिषवदना आहे. ती झोपेत असताना राजाचे सैनिक तिला मारायला जातात आणि तिच्या डोळ्यांतल्या आगीने जळून जातात. अखेर म्पू भराड हा ऋषी पुढे येतो. त्याचा शिष्य बहुल रत्नमंगलीशी लग्न करतो आणि सासूची पोथी गुरूच्या हाती पोहोचवतो. मंत्राचे रहस्य कळल्यावर भराड त्या विधवेला हरवतो.

इथे कथा संपत नाही, आणि हाच तिचा खरा गाभा आहे. मेलेली विधवा तक्रार करते: मला मारलेस, पण मोक्षाची वाट दाखवली नाहीस. ऋषी तिला पुन्हा जिवंत करतो, ज्ञान देतो आणि मगच ती देह सोडते. सुदमलमधल्या दुर्गेचेच हे दुसरे रूप आहे. चेटकीणसुद्धा शेवटी शुद्ध होण्याला पात्र आहे. या कथेची एक ताडपत्री पोथी १५४० सालची आहे. जावानी विद्वान पुर्बत्यारक यांनी ती संहिता डच अनुवादासह १९२६ मध्ये छापली. २००० साली कवयित्री तूती हेराती यांनी हीच कथा पुरुषसत्तेच्या बळीची म्हणून नव्याने लिहिली. मुलीचे लग्न होत नाही म्हणून संतापलेल्या आईला चेटकीण कोणी ठरवले, हा त्यांचा प्रश्न आणि तो रास्त आहे.

बालीत अनेकांची श्रद्धा अशी की ही विधवा म्हणजे ऐरलंगाची आई महेंद्रदत्ता. ती जावाची राजकन्या, बालीच्या उदयन राजाची राणी. ग्यान्यार भागात कुत्री येथे एका टेकडीवर महिषासुरमर्दिनीची जुनी मूर्ती आहे आणि ती या राणीची स्मारकमूर्ती मानली जाते. इतिहास म्हणून या ओळखीला फारसा आधार नाही; उदयनाच्या काळातल्या लेखांत ती राज्यकारभारात सहभागी असलेली राणी म्हणूनच दिसते. पण श्रद्धेचा धागा पाहावा: राणी, दुर्गा, विधवा, चेटकीण या चारही स्त्रिया एकमेकींत मिसळल्या आहेत. मुठीवरच्या आकृतीला एकच नाव देता येत नाही, त्याचे कारण हे आहे.

रांग्दा आणि केरिस यांचा संबंध मुठीपुरता नाही. बालीच्या गावागावांत होणाऱ्या नाट्यविधीत बारोंग या रक्षक पशूसमोर रांग्दा उभी ठाकते. बारोंगचे अनुयायी केरिस उपसून तिच्यावर धावतात. ती हातातले पांढरे वस्त्र हलवते आणि त्यांचे खंजीर त्यांच्याच छातीकडे वळतात. ते अंगात आल्याप्रमाणे पाती स्वतःच्या अंगावर रेटतात. बारोंगच्या प्रभावाने ती शिरत नाहीत, असे मानतात. नंतर पुजारी तीर्थ शिंपडतो आणि ते शुद्धीवर येतात. रांग्दाचा मुखवटा खेळ संपल्यावर अडगळीत जात नाही. तो सहसा ‘पुरा दालेम’ या मृत्यूशी निगडित देवळात पूज्य म्हणून ठेवतात. असे मुखवटे ‘पुले’ झाडाच्या लाकडाचे करतात. हे झाड म्हणजे महाराष्ट्रातही दिसणारी सातवीण.

जिच्या नजरेने पाते धारकावरच उलटते, तिलाच त्या पात्याच्या मुठीवर बसवायचे, हे उलटे नाही का? वरवर पाहता उलटे आहे. पण तिचे मंदिरातले स्थान लक्षात घेतले की कोडे सुटते. रांग्दाचा मुखवटा गावाचे रक्षण करतो, कारण चेटक्यांवर, म्हणजे ‘लेयाकां’वर, तिचीच सत्ता चालते. रोगाची मालकीणच रोग आवरू शकते. गावाबाहेरच्या मरीआईच्या ठाण्यामागे मराठी खेड्यांतही हाच विचार आहे. मुठीवरची रांग्दा धारकाच्या हातात असते, तिची पाठ त्याच्या तळव्यात असते आणि तिचे डोळे समोरच्यावर. जी शक्ती पाते उलटवू शकते ती आपल्या मुठीत असलेली बरी.

जावातल्या मुठींकडे वळले की दृश्य बदलते. सुराकार्ता आणि योग्याकार्ता या दरबारांच्या मुठींत मूर्ती दिसत नाही. गुळगुळीत, किंचित पुढे झुकलेला लाकडी आकार आणि त्यावर दोन छोट्या कोरीव जागा, एवढेच. या प्रकाराला ‘नुंगाक सेमी’ म्हणतात, अर्थ: पालवी फुटलेले खोड. तोडलेल्या झाडाला फुटलेला धुमारा. हा बदल इस्लाममुळे झाला, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच मुसलमान दरबारांनी सावल्यांच्या खेळात भीम, अर्जुन आणि दुर्गासुद्धा जपली. मग मुठीवरूनच आकृती का जावी? दरबारी अभिरुचीला संयम, आवरून धरलेला डौल हवा होता, हे कारण धर्माइतकेच महत्त्वाचे मानावे लागते. आकृती पुसली गेली, पण तिचा कल राहिला. झुकलेली मान, आत ओढलेले पोट, गुंडाळलेले अंग अजून ओळखू येते.

बालीतही असा अमूर्त प्रकार आहे. त्यातल्या एका मुठीचे नाव ‘बालू मेकाबुन’. बालू म्हणजे विधवा. डोक्यावरून वस्त्र ओढून घेतलेली विधवा असा या नावाचा अर्थ लावतात. डोळे नाहीत, सुळे नाहीत, केस नाहीत. केवळ झाकलेला आकार. रांग्दाच्या मुठीत विधवेचे सगळे उघडे होते, इथे सगळे झाकलेले आहे. आणि झाकलेली आकृती कमी भीतिदायक असते, असे कोण म्हणेल?

सौम्य देवता मुठींवर फार थोड्या. भाताची देवी श्री जावा–बालीच्या घरांत सर्वांत लाडकी, पण तिची जागा शेतात, कोठारात आणि ताडाच्या पानांपासून विणलेल्या ‘चिली’ या बाहुलीसारख्या आकृतीत. केरिसशी ती घराच्या रचनेतून जोडली जाते: जावाच्या जुन्या घरात मधली खोली देवी श्रीची आणि वंशपरंपरेचा पूज्य केरिसही तिथेच ठेवायचा. देवी आणि खंजीर एका खोलीत राहतात, पण एका मुठीत क्वचितच येतात.

हत्याराच्या जगात स्त्रिया मुठीपुरत्याच होत्या असेही नाही. जावात ‘पात्रेम’ नावाचा छोटा केरिस बायका बाळगत. पश्चिम जावाच्या दंतकथांत न्याई सोंब्रो ही स्त्री-लोहार आहे. तिने तापलेले लोखंड बोटांनी दाबून पाती घडवली, असे सांगतात. सोंब्रो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पात्यांवर अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे असतात, दांडीला भोक असते, आणि सुखरूप बाळंतपणासाठी ती जवळ बाळगत. मारण्याचे हत्यार जन्माच्या खोलीत पोहोचले ते एका बाईच्या नावाने.

आता या मुठी कुठे आहेत? उबुदच्या नेका संग्रहालयात केरिसचे स्वतंत्र दालन आहे. युरोपातल्या संग्रहांत मात्र पुष्कळ मुठी पात्याविना आहेत. पेसीवरून सहज निघतात, वजनाला हलक्या, दिसायला देखण्या. संग्राहकांनी त्या सुट्या विकत घेतल्या. अशा मुठी काचेमागे मूर्तींसारख्या सरळ उभ्या करतात. तिथे मोठाच घोटाळा होतो. पात्यावर बसलेली आकृती तिरकी असते, पुढे झुकलेली असते; तिचा तोल पात्यामुळे सांभाळला जातो. सुटी उभी केली की ती कुबड आलेली म्हातारी दिसते आणि चिठ्ठीवरही तसेच लिहिले जाते. ओळख चुकते ती इथेही.

२००५ साली युनेस्कोने इंडोनेशियाच्या केरिसला मानवतेचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून गौरवले. त्यानंतर वसाहतकाळात नेलेल्या वस्तू परत मागण्याच्या प्रयत्नांकडेही जगाचे लक्ष गेले. २०२३ मध्ये नेदरलँड्सने इंडोनेशियाला चारशेहून अधिक वस्तू परत केल्या. त्यांत दक्षिण बालीतल्या क्लुंगकुंगच्या राजघराण्याचा एक केरिस होता. १९०८ साली डच फौजेसमोर हे घराणे आणि त्याचे लोक शुभ्र वस्त्रे नेसून, हाती केरिस घेऊन मरणाला सामोरे गेले होते. आणि त्याच यादीत पूर्व जावातल्या सिंगसारी मंदिराची महिषासुरमर्दिनी होती. १९व्या शतकाच्या आरंभी तिला मंदिरातून हलवले होते. पुढे ती लायडनच्या संग्रहालयात राहिली. दोनशे वर्षांनी ती जकार्ताला पोहोचली.

बालीत दर २१० दिवसांनी तुंपेक लांदेप हा सण येतो. त्या शनिवारी घरोघरचे केरिस म्यानाबाहेर निघतात, तीर्थ शिंपडले जाते, फुले आणि उदबत्ती वाहिली जाते. आता त्याच रांगेत मोटारी आणि दुचाकीही उभ्या असतात. पुजारी मंत्र म्हणत पाते हातात घेतो तेव्हा मूठ त्याच्या बोटांत असते, आणि तिथे कोणाच्या घरी वायुदेव असतो, कोणाच्या घरी हनुमान आणि कोणाच्या घरी मोकळ्या केसांची रांग्दा.